उखर्डूला हात लावू का?

यास्मिन : ...म्हणजे कोड तेच, ताई. तुम्ही लिहिलेलंच. त्यातली एक ओळही बदलायची नाही. फक्त ते खऱ्या क्लाउडकडे न जाता इथंच, माझ्या लॅपटॉपमध्ये जातं. त्याला वाटतं, आपण खरोखर सर्व्हर उभे केले.

पुनम : आणि खरं तर काहीच उभं नसतं.

यास्मिन : काहीच नाही. उभं करा, पाडा, परत उभं करा. कुणाचं काही बिघडत नाही. याला सँडबॉक्स म्हणतात.

पुनम : भातुकली म्हण ना सरळ. खोटी चूल, खोटा भात.

यास्मिन : म्हणा भातुकली. मला आवडला शब्द.

पुनम : आवडेलच. भाईदास सरांनाही आवडलाय तुझा खेळ. सकाळी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून पेढा दिला. मी म्हटलं, माझ्या कामाचा दिसतोय. तर म्हणे, यास्मिनने काय चीज बनवली, बघितलीत का मॅडम?

यास्मिन : सर जरा जास्तच बोलतात.

पुनम : जास्त कसलं? मी हे ऑफिस खालच्या खताच्या दुकानाच्या माळ्यावर होतं तेव्हापासून इथं आहे. सर्व्हर हातानं उभे केलेत मी, एकेक. नंतर ते सगळं कोडमध्ये बसवलं. एक हुकूम दिला की अख्खा संसार उभा राहतो. त्यावर यावलचे केळीवाले रोज सकाळी भाव बघतात, गाडी मागवतात. त्याचा पेढा कुणी वाटला नाही. तू माझ्याच कोडची खेळण्यातली नक्कल केलीस, आणि पेढे!

यास्मिन : ताई, तुम्हाला राग आलाय.

पुनम : मला? छे! माझ्या पोटात दुखतंय म्हणतेस?

यास्मिन : मी तसं नाही म्हटलं.

पुनम : मग मीच म्हणते. दुखतंय. बरं, पुढं दाखव.

यास्मिन : पुढं एवढंच, की प्रत्येकाला आपापलं खेळघर. नवा मुलगा आला की त्याला खऱ्याला हात लावायची गरजच नाही. माझे अब्बा फुले मार्केटमागे शिवणकाम करतात ना, ते गिऱ्हाइकाच्या कापडाला कात्री लावायच्या आधी पेपरावर कापून बघतात. पेपर वाया गेला तर गेला. मला त्यावरूनच सुचलं.

पुनम : हे धुळ्याला मुलांना सांग. टाळ्या पडतील.

यास्मिन : म्हणजे सरांनी सांगितलं तुम्हाला? धुळ्याचं?

पुनम : पेढ्यासोबतच सांगितलं. धुळ्याचं नवं ऑफिस तू सांभाळणार. कॉलेजची पोरं तू शिकवणार. माझं माहेर तिथंच, देवपुरात, माझी आई तिथं एकटी, भाऊ-भावजय नाशिकला. तिथं ऑफिस काढा, काढा म्हणून मी सरांचं डोकं खाल्लं. आणि जाणार कोण? जळगावची यास्मिन. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

यास्मिन : मला खरंच माहीत नव्हतं, ताई. मी मागितलं नव्हतं.

पुनम : न मागता मिळतं त्याचाच जास्त त्रास होतो बघणाऱ्याला.

यास्मिन : मी सरांशी बोलू?

पुनम : नको, बाई. तू माझ्यासाठी शब्द टाकायचा, एवढे वाईट दिवस नाही आले माझे. तुझं काम कर. आज काय सांगितलंय तुला?

यास्मिन : साफसफाई. उद्या यावलची माणसं बघायला येणार, तर आपल्या क्लाउडवर जुन्या चाचण्यांचा ढीग पडलाय तो काढून टाका म्हणाले. खरं तेवढं ठेवायचं. चाचणीचं सगळं पाडायचं, आणि इथून पुढं चाचणी फक्त खेळघरात. त्यासाठी सरांनी मला मोठी चावी पण दिली.

पुनम : मोठी चावी? पाडायचीसुद्धा?

यास्मिन : हो. तुमच्यासारखीच.

पुनम : माझ्यासारखीच. वा!

यास्मिन : बरंचसं उरकलं, ताई. आता दोनच उरलेत. एक ‘राजमुकुट’. ते तर खरंच असणार, नावच तसं आहे. आणि दुसरं हे, ‘उखर्डू’. हे कुणाचं? नावावरून तर उकिरडा वाटतो. हात लावू का याला?

पुनम : बघू दे. (खुर्ची पडद्याजवळ ओढते.)

यास्मिन : ताई? उखर्डूला हात लावू का?

पुनम : नावावरून काय वाटतं म्हणालीस?

यास्मिन : उकिरडा. कचरा.

पुनम : मग मला कशाला विचारतेस?

यास्मिन : म्हणजे पाडू?

पुनम : मोठी चावी तुझ्याकडे आहे. मी कोण सांगणारी?

(पुनमच्या आईचा धुळ्याहून फोन येतो. ती उठून गॅलरीत जाते.)

झुंबरबाई : पुनम, नाव ठरनं का नही? रविवारले आठे तुना भाचानं बारसं शे, नी आत्या मूग गिळी बसनी!

पुनम : आई, मी ऑफिसात आहे गं.

झुंबरबाई : मंग? ऑफिसमा नाव सुचत नही का? तुनी भावजाई म्हनस, विराज ठेवा. मी म्हनस, ठेवा. पन कानमा काहीतरी वंगाळ सांगा. कचरू म्हना, धोंडू म्हना. लेकरू गोरंपान शे. बारसाले बठ्ठा गाव देखाले येवाव शे. नजर लागी जाई.

पुनम : तू म्हणशील ते ठेव.

झुंबरबाई : असं कसं? नाव आत्यानीच ठेवनं पडस. तुना आवाज असा काब्र शे? कोनी बोलनं का?

पुनम : कोणी नाही बोललं.

झुंबरबाई : मी तुनी माय शे.

पुनम : धुळ्याचं ऑफिस मला नाही मिळालं, आई.

झुंबरबाई : मंग कोनले?

पुनम : यास्मिन म्हणून एक आहे. दोन वर्षं झाली तिला येऊन. हुशार आहे. खूप हुशार आहे, तोच तर त्रास आहे. हळू बोलते, मोठ्यांना मान देते, वर काम असं करते की आपलं पंधरा वर्षांचं काम पाटी पुसल्यासारखं वाटावं. माले सहन व्हत नही, आई. ती समोर आली की माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

झुंबरबाई : व्हस असं. मालेबी मनी जाऊना पुरनना मांडा देखीसन असंच व्हये. खापरवर तिना मांडा जसा कापडना पदर, नी मना फाटे. मी देवले म्हनू, तिना एक तरी फाटू दे. नही फाटना.

पुनम : मी देवाला नाही म्हटलं. मी स्वतःच...

झुंबरबाई : काय करं तू?

पुनम : आप्पांचं नाव उखर्डू का ठेवलं होतं गं?

झुंबरबाई : हाई आते कसाले काढं? तुले माहीत नही का? तुना बापना आधी दोन भाऊ व्हयनात, दोन्ही जगनात नही. मंग तुनी आजीनी त्याले जलमताच उकिरडावर ठेवं. शेजारीननी उचली आनं. आजी म्हने, हाई मनं लेकरू नही, उकिरडावर सापडनं. कोनी नजर लावाले नको. देवलेबी फसाडं तिनी! नी तुना बाप म्हातारा व्हईसन गया.

पुनम : मी पण तेच केलं.

झुंबरबाई : म्हंजे?

पुनम : यावलच्या केळीवाल्यांचं काम आहे ना माझं, सगळा भाव नि गाड्या ज्यावर चालतात ते. त्याचं नाव आधी राजमुकुट होतं. उद्घाटनाच्या दिवशी सगळे आले, वाहवा झाली आणि दुपारी ते कोसळलं. सगळ्यांसमोर. आप्पा जाऊन महिनाही झाला नव्हता. मी म्हटलं, नजर लागली. हसू नको.

झुंबरबाई : मी कथी हासनू?

पुनम : मग मी सगळं नव्यानं बांधलं आणि त्याला आप्पांचं नाव दिलं. उखर्डू. राजमुकुट नावाचं रिकामं खोकं तसंच ठेवलं, बघणाऱ्यांसाठी. ज्याला डोळा लावायचा त्यानं त्याला लावावा. हे कुणालाच माहीत नाही, सरांनाही नाही. तेव्हापासून एकदाही पडलं नाही ते.

झुंबरबाई : चांगलं करं मंग.

पुनम : ती मुलगी ते आत्ता पाडते आहे, आई. तिला वाटतं, उकिरडा आहे. तिनं मला विचारलं, हात लावू का म्हणून. आणि मी...

झुंबरबाई : तू काय सांगं?

पुनम : काहीच नाही सांगितलं. मी म्हटलं, चावी तुझ्याकडे आहे.

झुंबरबाई : पुनम!

पुनम : ते पडलं तर तिचं नाव जाईल. धुळ्याला मग ती नाही जाणार. मी येईन. तुझ्याजवळ राहीन. तुला नको का मी?

झुंबरबाई : पाहिजे. रोज पाहिजे. पन अशी नको, माय. नी त्या यावलना लोकं?

पुनम : सकाळी घड कापून ठेवतील. गाडी येणार नाही.

झुंबरबाई : नी तू आठे मनासंगे बोलत बसनी! जलमभर तुना बापले गावनी नजर लागनी नही. आते पोटनी पोर लावी राहिनी!

पुनम : आई, असं बोलू नको.

झुंबरबाई : बोलसू. बाहेरनानी नजर मीठ-मिरचीवर उतरस. घरनानीले कोठे उतारा शे? फोन ठेव. पय!

(पुनम धावत आत येते.)

पुनम : यास्मिन! हात काढ! कीबोर्डवरचा हात काढ आधी!

यास्मिन : काय झालं, ताई? केवढ्यानं ओरडलात!

पुनम : उखर्डू. उखर्डूचं काय केलंस?

यास्मिन : पाडलं.

पुनम : पाडलं?

यास्मिन : तुम्ही फोनवर होता तेव्हाच. ताई, बसा. रंग उडालाय तुमचा. ऐका ना, मला तुम्हाला एक—

पुनम : तू ऐक. तुझी काही चूक नाही. सरांना मी सांगते, आत्ता जाऊन सांगते. ते उकिरडा नव्हतं गं. तेच खरं होतं. राजमुकुट रिकामं आहे.

यास्मिन : ताई, ते मी—

पुनम : बोलू दे मला, नाहीतर परत धीर होणार नाही. उखर्डू माझ्या वडिलांचं नाव. नजर लागू नये म्हणून त्यांच्या आजीनं... नाही, माझ्या आजीनं ठेवलेलं. मी ते कामाला दिलं. तू विचारलंस तेव्हा मला सगळं माहीत होतं. तोंड उघडलं असतं तर दोन शब्दांचं काम होतं. नाही उघडलं. जळत होते मी. पेढा मिळाला तेव्हापासून नाही, तू आलीस त्या दिवसापासून जळतेय. तुला काढून टाकतील आणि धुळं मला मिळेल, असं मनात आलं. आलं काय, बरं वाटलं मला ते. झालं. आता जे बोलायचं ते बोल.

यास्मिन : मी इथं पाडलं, ताई. भातुकलीत.

पुनम : काय?

यास्मिन : खऱ्याला हात नाही लावला. खरं पाडायच्या आधी इथं नक्कल उभी करून ती पाडून बघायची, हे मीच ठरवलंय ना सगळ्यांसाठी. मग मलाच सूट कशी? हे बघा. इकडे राजमुकुट पाडलं, तर काहीच हललं नाही. उखर्डू पाडलं, तर भाव गेला, गाड्यांची नोंद गेली, सगळा पडदा पांढरा.

पुनम : आणि खरं? खरं चालू आहे?

यास्मिन : खरं हे. बघा, यावलच्या कुणीतरी आत्ताच गाडी मागवली.

पुनम : दिसतंय. हो. दिसतंय मला. थांब जरा, डोळे पुसू दे.

यास्मिन : मी तुम्हालाच सांगायला उठत होते. नावं उलटी पडलीत म्हणून. तुमची चूक दाखवली तर रागवाल, म्हणून कसं सांगायचं ते मनात जुळवत बसले होते. मला वाटलं, तुम्ही विसरलात. माझ्या ध्यानीमनीही नव्हतं, की...

पुनम : की मुद्दाम असेल.

यास्मिन : मी विचारलं होतं, ताई.

पुनम : हो.

यास्मिन : हात लावू का, असं विचारलं होतं. दोनदा.

पुनम : दोनदा.

यास्मिन : अब्बांनी पहिल्या पगाराला दुकानात सगळ्यांना चहा पाजला होता. एवढ्या वर्षांत त्यांनी कधी कुणाला बिनकामाचा चहा पाजला नाही. मी उद्या काढून टाकलेली घरी गेले असते, तर काय सांगितलं असतं मी त्यांना?

पुनम : मला माहीत नाही. सरांना सांग तू. मी नाही म्हणणार नाही.

यास्मिन : सांगायचं की नाही ते मी ठरवीन. आज नाही ठरवणार. आणि ताई, मला मोठ्या मनाची वगैरे समजू नका. मला राग आलाय तुमचा. खूप आलाय. तो येऊ द्या मला.

पुनम : येऊ दे.

यास्मिन : हे खेळघर मी कशासाठी केलं, माहितीये? मी नवीन होते. तुमच्या कोडमध्ये एक छोटीशी सुधारणा केली, तर तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, माझ्या कामाला परत हात लावायचा नाही. म्हटलं, ठीक. मग मी तुमच्या कामाची नक्कल उभी करून, तिला माझीच नावं देऊन, तिलाच हात लावायला लागले. रोज संध्याकाळी. तुम्ही हे असं का लिहिलं असेल, तसं का लिहिलं असेल. मोडायचे, जोडायचे. जळत मीपण होते. तुमच्यासारखं मला या जन्मात जमायचं नाही, असं वाटून रडू यायचं.

पुनम : तुला?

यास्मिन : मलाच. तुम्हाला काय वाटलं, पोट तुम्हालाच दिलंय?

पुनम : मला कधी दिसलं नाही ते.

यास्मिन : तुम्ही माझ्याकडे बघितलंतच कुठं? माझ्या पेढ्याकडे बघत होता.

पुनम : बोल, अजून बोल. बरं वाटतंय. नाव बदलू का त्याचं? दुसऱ्या कुणाची अशीच चूक होईल.

यास्मिन : नाव नका बदलू. वडिलांचं आहे.

पुनम : मग?

यास्मिन : वर एक ओळ लिहू. हे खरं आहे, पाडू नये. आणि कुलूप लावू. कुणी पाडायला गेलं, तरी कुलूप काढल्याशिवाय पडणार नाही. नजरेपेक्षा ते बरं.

पुनम : आजीनं त्या वेळी ओळ कुठं लिहिली असती?

यास्मिन : तुमची आई फोनवर काय म्हणत होती?

पुनम : भाच्याचं नाव मागत होती. रविवारी बारसं आहे.

यास्मिन : काय सांगितलंत?

पुनम : अजून काही नाही. आता सांगेन, चारचौघांत घ्यायचं तेच ठेवा. कानात दुसरं नको. ज्यांना बघायचं ते बघू देत पोराकडे.

यास्मिन : आणि तुम्ही? जाणार आहात ना?

पुनम : जाईन. धुळ्याला जायला ऑफिसच लागतं असं थोडंच आहे. रविवारची बस आहे की.

यास्मिन : हे बघा, कुलूप लागलं. बरोबर लागलंय का, तपासून बघा.

पुनम : खऱ्यावर नको तपासायला. आधी तुझ्या भातुकलीत लावून बघ.

यास्मिन : बघितलं. तिथं पडलं नाही.

पुनम : बरं.

यास्मिन : आता याची चावी. दोघींकडे ठेवायची, की एकीकडे? बांधलंय तुम्ही. तुम्हाला हवी तर मी आत्ता देते.

पुनम : तुझ्याकडेच राहू दे थोडे दिवस. माझी नजर अजून निवळली नाही.